प्रौढपणी परकी भाषा : जिभेचे शिक्षण, मनाची नम्रता

"आता या वयात नवी भाषा कसली जमणार?" हा उद्गार आपल्या धर्मग्रामांत अलीकडे वरचेवर ऐकू येतो. परिचर्येचे शिक्षण घेऊन दहा-बारा वर्षे रुग्णालयात सेवा केलेली परिचारिका जर्मनीला जाण्याचा विचार करते, तेव्हा तिच्या तोंडी तो असतो. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाकडे काही महिने राहावयास जाणारे आणि नातवंडांशी मनमोकळे बोलता येत नाही म्हणून खंतावणारे आजी-आजोबा तोच उद्गार काढतात. दूरदेशी मिशनकार्यासाठी निवड झालेल्या एखाद्या धर्मभगिनीच्या मनातही तो डोकावून जातो.

या उद्गारामागे दोन समजुती दडलेल्या असतात. भाषा शिकणे हे लहान मुलांचे काम आहे, वय वाढले की तो दरवाजा बंद होतो, ही पहिली समजूत. परकी भाषा म्हणजे नोकरीचे वा व्हिसाचे केवळ एक साधन, ही दुसरी. दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे; परंतु पूर्ण सत्य त्यांत नाही. प्रौढ माणसाला नवी भाषा शिकताना स्मरणशक्तीपेक्षाही अधिक अडवतो तो त्याचा मान, आणि तो मान बाजूला ठेवून शिकलेली भाषा ही शेजाऱ्यावरील प्रीतीचे एक अत्यंत व्यवहारी रूप आहे, हे या लेखात आम्ही सांगू इच्छितो. त्यासाठी प्रथम ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे, मग शास्त्राकडे आणि शेवटी आपल्या घराकडे वळू या.

मुलांच्या बाकावर बसलेले संत

संत इग्नेशियस लोयोला यांचा जन्म १४९१ सालचा. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत ते जखमी झाले आणि त्या आजारपणात त्यांचे जीवन पालटले, ही कथा आपणांस ठाऊक आहे. त्यानंतरचा एक प्रसंग मात्र क्वचितच सांगितला जातो. १५२४ साली, पवित्र भूमीची यात्रा करून परतल्यावर, इतरांच्या आत्म्यांची सेवा करावयाची तर शिक्षण हवे आणि शिक्षण हवे तर लॅटिन यावयास हवे, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांचे वय ३३ वर्षांचे होते. बार्सिलोना शहरात त्यांनी लॅटिन व्याकरणाचे प्राथमिक धडे गिरविण्यास प्रारंभ केला. ज्या वयात त्यांच्या कुळातील पुरुष सैन्याच्या तुकड्या चालवीत, त्या वयात हा माणूस शाळकरी मुलांच्या पातळीवरील क्रियापदांची रूपे पाठ करीत होता.

त्यांच्या आत्मकथनात या काळाविषयीची एक मार्मिक गोष्ट आहे. पाठांतरास बसले की त्यांच्या मनात आध्यात्मिक विचारांची आणि समाधानाची लाट उसळे, आणि अभ्यास बाजूला राही. मिस्सा आणि प्रार्थनेच्या वेळीही जे विचार इतक्या जोमाने येत नाहीत, ते नेमके व्याकरणाच्या वेळीच का यावेत, असा प्रश्न त्यांनी स्वतःला केला आणि हा मोह आहे हे ओळखले. मग त्यांनी आपल्या शिक्षकापाशी जाऊन सर्व सांगितले आणि यापुढे एकही पाठ चुकविणार नाही, असे वचन दिले. पुढे १५२८ साली पॅरिसला गेल्यावर आपला पाया कच्चा राहिल्याचे त्यांना आढळले, तेव्हा वयाच्या सदतिशीच्या सुमारास ते पुन्हा एकदा मुलांसोबत बसून शिकले.

त्यांच्याही आधी सुमारे अकरा शतके संत जेरोम यांनी हाच अनुभव घेतला होता. उत्तम लॅटिन शैलीचा अभिमान बाळगणारे हे विद्वान सीरियाच्या वाळवंटात तपश्चर्या करीत असताना एका धर्मांतरित यहुदी बांधवाकडे हिब्रू शिकू लागले. म्हातारपणी लिहिलेल्या एका पत्रात ते सांगतात, की अभिजात लेखकांचे सुंदर गद्य वाचल्यानंतर पुन्हा मुळाक्षरे गिरविणे आणि घशातून निघणारे ते अपरिचित उच्चार साधणे त्यांना किती जड गेले. कितीदा त्यांनी अभ्यास सोडून दिला आणि पुन्हा हाती घेतला. त्या कडू बीजाची गोड फळे आता आपण चाखीत आहोत, याबद्दल ते प्रभूचे आभार मानतात. त्या फळांपैकी एक म्हणजे बायबलचे लॅटिन भाषांतर. जेरोम यांचा स्मृतिदिन ३० सप्टेंबर. तोच दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ साली आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन म्हणून स्वीकारला.

या दोन्ही संतांना बुद्धीची वाण नव्हती. तरीही दोघांनाही अडचण आली, कंटाळा आला, पळवाटा सुचल्या. त्यांनी केले ते इतकेच, की आपल्याला काही येत नाही ही गोष्ट त्यांनी लपविली नाही.

वय काय नेते, काय देते?

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. जन्मतः मुलाचे कान जगातील बहुतेक सर्व भाषांच्या ध्वनींना खुले असतात. कॅनडात झालेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील 'ट' आणि 'त' यांसारखे ध्वनी ऐकविण्यात आले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना त्यांतील भेद जाणवत होता; दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी बहुतेकांना तो जाणवेनासा झाला होता. घरात ज्या ध्वनीभेदाला अर्थ नाही, तो कान हळूहळू सोडून देतो. म्हणूनच मराठी माणसाला जर्मन भाषेतील ओठांचा चंबू करून उच्चारला जाणारा 'ई' अवघड वाटतो आणि इंग्रज माणसाला आपला 'ट' आणि 'त' एकच वाटतो.

व्याकरणाबाबतही बालपणाचे पारडे जड आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आणि सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या उत्तरांवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता वयाच्या १७-१८ वर्षांपर्यंत टिकून राहते आणि त्यानंतर घटू लागते. प्रौढपणी शिकणारा मनुष्य त्या भाषेत जन्मलेल्यासारखा बोलू लागेल, असे सहसा घडत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. १९७८ साली नेदरलँड्समध्ये राहावयास आलेल्या इंग्रजी भाषक कुटुंबांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डच भाषा कोण लवकर शिकतो, हे त्यात तपासले होते. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती किशोरवयीन मुले आणि प्रौढ माणसे. तीन ते पाच वर्षांची बालके सर्वांत मागे होती. याचे कारण उघड आहे. प्रौढाला वाचता-लिहिता येते, नियम समजावून घेता येतो, आणि जगातील वस्तू व कल्पना त्याला आधीच ठाऊक असतात. त्याला केवळ त्यांची नवी नावे शिकावयाची असतात. बालक अंतिमतः पुढे जाते हे खरे; पण त्यासाठी ते दिवसाचे सर्व तास आणि कित्येक वर्षे देते, आणि चुकले तरी त्याला कोणी हसत नाही. प्रौढाला यांतील कोणतीच सवलत नसते.

मराठी भाषकाच्या गाठीशी तर आणखी काही भांडवल असते. जर्मन भाषेतील नामांची तीन लिंगे पाहून इंग्रज विद्यार्थी हतबल होतो. पण 'तो दरवाजा', 'ती खिडकी' आणि 'ते घर' म्हणत वाढलेल्या आपणांस निर्जीव वस्तूंनाही लिंग असते याचे नवल वाटत नाही. कोणत्या नामाचे कोणते लिंग हे पाठ करावे लागेल, पण मुळातील कल्पना परकी नाही. पोर्तुगीज शिकू पाहणाऱ्याला तर पाव, बटाटा, चावी, बादली, इस्त्री, पगार असे जुने सोयरे भाषेच्या उंबरठ्यावरच भेटतात. हे शब्द चार-पाच शतकांपूर्वी त्याच भाषेतून आपल्या घरात आले आहेत.

नवी भाषा मेंदूसाठी औषध आहे काय, असेही पुष्कळदा विचारले जाते. हैदराबाद येथे झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी करण्यात आली. एकभाषक रुग्णांच्या तुलनेत एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत या विकाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आली; निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. मात्र असे लोक बहुधा आयुष्यभर दोन-तीन भाषा वापरीत आलेले असतात. सर्वच संशोधकांचे निष्कर्ष याला जुळत नाहीत, आणि पन्नाशीत भाषावर्गाला नाव घातल्याने हाच लाभ होईल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. मेंदूला चालना मिळते हे चांगलेच. परंतु केवळ त्यासाठी भाषा शिकणारा पहिल्या परीक्षेनंतर थांबतो. टिकतो तो कोणासाठी तरी शिकणारा.

विल्टशायरचा तरुण आणि आपली मराठी

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच साहित्यात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. रोममध्ये येशूसंघात प्रवेश केल्यावर ते १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजाने निघाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. तेव्हा ते तिशीत होते. पुढील सुमारे चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, त्यांचे बहुतेक सर्व आयुष्य गोव्याच्या साष्टी परिसरात गेले. सदस्याने ज्या देशी राहावे तेथील भाषा शिकावी, असा दंडक येशूसंघाच्या संविधानातच आहे. मुलांच्या बाकावर बसलेल्या संस्थापकाच्या संघाला तो शोभतो.

स्टीफन्स यांच्यापाशी ना मराठीचा शब्दकोश होता, ना परक्यासाठी लिहिलेले छापील व्याकरण. तरीही १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांच्या घडणीचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्य असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण केले ते १७८६ साली, म्हणजे या पत्रानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. प्रौढपणी भाषा शिकणाऱ्याला जे दिसते ते त्या भाषेत जन्मलेल्याला पुष्कळदा दिसत नाही, याचा हा पुरावा आहे. मासा पाण्याविषयी विचार करीत नाही.

१६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत बायबलचा इतिहास सांगणारा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा कवीचे वय ६७ च्या आसपास होते. भाषेची पहिली अक्षरे ऐकल्यापासून तो ग्रंथ हाती येईपर्यंत ३७ वर्षे लोटली होती. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापून निघाले. आपल्याला शिकताना जी वाट अंधारात चाचपावी लागली, त्या वाटेवर मागून येणाऱ्यांसाठी त्यांनी दिवा लावून ठेवला. त्यांच्याच पावलांवर पाऊल टाकून फ्रेंच येशूसंघीय एत्येन द ला क्रुआ यांनी मराठीत संत पेत्रावरील पुराण रचले. ते १६२९ साली प्रसिद्ध झाले.

हे उदाहरण केवळ सोळाव्या-सतराव्या शतकापुरते नाही. बेल्जियममध्ये १९०९ साली जन्मलेले फादर कामिल बुल्के १९३५ साली भारतात आले. त्यांनी हिंदीचा असा ध्यास घेतला, की अलाहाबाद विद्यापीठात रामकथेच्या उगमावर आणि विकासावर त्यांनी हिंदीतूनच प्रबंध सादर केला. १९६८ साली त्यांचा इंग्रजी-हिंदी शब्दकोश निघाला, तो आजही विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. स्कोपये येथे जन्मलेल्या संत मदर तेरेसा १९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी आयर्लंडला गेल्या आणि भारतात आल्यावर बंगाली शिकल्या. कोलकात्याच्या वस्त्यांत त्यांची सेवा पोहोचण्याआधी त्यांची जीभ तेथपर्यंत पोहोचली होती.

आपल्याला शुभवर्तमान मराठीत ऐकावयास मिळते, ते कोणीतरी प्रौढ वयात आपली भाषा अडखळत अडखळत शिकला म्हणून. हे ऋण आपण सहसा आठवीत नाही.

लादलेली भाषा आणि शिकलेली भाषा

येथे इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या गोव्यात स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण रचले, त्याच गोव्यात २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक लोकांना तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास फर्मावले. त्या फर्मानाने कोकणी मेली नाही. पण तिच्या लेखनपरंपरेला मोठा फटका बसला.

एकाच भूमीवर, एकाच शतकात, दोन वृत्ती आपणांस दिसतात. एक म्हणते, "तुम्ही माझी भाषा बोला." दुसरी म्हणते, "मला तुमची भाषा शिकवा." पहिल्या वृत्तीपाशी सत्ता होती, दुसरीपाशी केवळ चिकाटी. बाबेलच्या बुरुजापाशी माणसांना एकच भाषा होती आणि तरी त्यांचा डाव फसला. पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने जमलेल्या सर्वांना एका भाषेत आणले नाही. प्रेषितांचे बोलणे प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत ऐकू आले. ओलांडण्याचे कष्ट बोलणाऱ्याच्या वाट्याला आले, ऐकणाऱ्याच्या नव्हे. परकी भाषा शिकणारा प्रत्येक प्रौढ मनुष्य, चमत्काराविना, रोज थोडे थोडे हेच करीत असतो.

नोकरीच्या पलीकडे

जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे युरोपीय भाषामापनातील बी-२ पातळीची अपेक्षा असते. आपल्या मुलींना ती पातळी गाठावयाची असते ती परवान्यासाठी, आणि त्यात गैर काहीच नाही. कुटुंबाचे पोट हेही कर्तव्य आहे. परंतु त्या भाषेचा खरा उपयोग परीक्षागृहात होत नाही. वृद्धाश्रमात रात्रपाळी करताना एखाद्या थकलेल्या रुग्णाला आपली वेदना नेमकी कशी आहे ते सांगावयाचे असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पुष्कळदा असे दिसते, की पुढे शिकलेल्या भाषा विरत जातात आणि बालपणीची भाषा तेवढी शेवटपर्यंत साथ देते. अशा वेळी उशाशी बसलेल्या परिचारिकेने त्याच भाषेत, मोडक्या उच्चारांत का होईना, दोन शब्द बोलले तर ती शुश्रूषा शरीराच्या पलीकडे जाते.

दुःख मातृभाषेत बोलते, हे परमगुरुस्वामींच्या जीवनातही दिसून आले आहे. पोप फ्रान्सिस हे अर्जेंटिनात येशूसंघाचे धर्मगुरू असताना, १९८० साली, वयाच्या ४३व्या वर्षी इंग्रजी शिकण्यासाठी सुमारे तीन महिने डब्लिनला राहिले होते. तरीही इंग्रजी आपल्याला कठीण जाते, हे ते मोकळेपणाने सांगत. १७ जानेवारी २०१५ रोजी फिलिपिन्समधील ताक्लोबान येथे चक्रीवादळातून वाचलेल्या लाखो भाविकांसमोर त्यांनी तयार भाषण बाजूला ठेवले आणि परवानगी मागून, दुभाष्याच्या साहाय्याने, ते आपल्या स्पॅनिशमध्ये अंतःकरणापासून बोलले. ८ मे २०२५ रोजी निवड झाल्यावर, शिकागोत जन्मलेले पोप लिओ चौदावे संत पेत्राच्या महामंदिराच्या सज्जातून प्रथम इटालियनमध्ये बोलले; मात्र पेरू देशातील आपल्या पूर्वीच्या चिक्लायो धर्मप्रांताची आठवण त्यांनी स्पॅनिशमध्ये काढली. त्या दूरच्या धर्मप्रांतातील साध्या भाविकांना त्या काही वाक्यांनी काय दिले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

पवित्र शास्त्रातही असा एक प्रसंग आहे. यरुशलेममध्ये जमाव संत पौलाच्या जिवावर उठलेला असताना त्याने रोमी सरदाराशी ग्रीकमध्ये संवाद साधून बोलण्याची अनुज्ञा मिळविली. आणि तो लोकांशी त्यांच्या हिब्री बोलीत बोलू लागताच ते शांत झाले, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. ते त्याच्याशी सहमत झाले नाहीत, पण ऐकू लागले. भाषा मतभेद मिटवीत नाही. ती ऐकून घेण्याइतकी शांतता निर्माण करते.

"आता भ्रमणध्वनीच क्षणात भाषांतर करतो, मग शिकण्याची गरज काय?" असा आक्षेप घेतला जाईल. पत्ता विचारण्यासाठी, औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचण्यासाठी हे साधन उपयोगी आहे, यात वाद नाही. परंतु नातवाला गोष्ट सांगताना, परदेशी सुनेच्या आईशी स्वयंपाकघरात बोलताना मध्ये यंत्र धरले, तर अर्थ पोहोचतो आणि जवळीक मागे राहते. आजी आपल्यासाठी शब्द शिकली, ही गोष्ट नातवाला त्या शब्दाच्या अर्थापेक्षा अधिक काळ लक्षात राहते.

आणखी एक लाभ अनपेक्षित असतो. परकी भाषा शिकताना आपली भाषा नव्याने दिसू लागते. मराठी शिकणाऱ्या युरोपीय माणसाला 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद शिकावा लागतो, कारण त्याच्या भाषेत दोहोंना एकच शब्द असतो. ऐकणाऱ्याला वगळणारे ते 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे ते 'आपण'. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत पित्याला हाक मारताना 'आमच्या' असे का म्हणावयाचे, 'आपल्या' असे का नाही, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. शिकणाऱ्या परक्याला तो पहिल्याच दिवशी पडतो. त्याचे उत्तर शोधताना आपणही आपल्या प्रार्थनेकडे नव्या नजरेने पाहतो.

आरंभ कोठून करावा?

अपेक्षा वास्तव असावी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अनेक दशकांचा अनुभव असा, की इंग्रजी भाषकाला कामापुरती स्पॅनिश, इटालियन किंवा पोर्तुगीज येण्यास साधारण ६०० ते ७५० तासांचे अध्यापन लागते, जर्मनसाठी सुमारे ९००, तर जपानी, चिनी किंवा अरबीसाठी सुमारे २,२०० तास. रोज अर्धा तास दिला, तर वर्षाला सुमारे १८० तास होतात. म्हणजे जर्मनसाठी पाच वर्षे. परवान्याची घाई असलेल्याला पूर्ण वेळच द्यावा लागेल. परंतु ज्याला घाई नाही त्याच्यासाठी पाच वर्षे ही तशीही सरणारच आहेत.

अभ्यास थोडा आणि रोज असावा. पाठ केलेले किती झपाट्याने विसरते, हे जर्मन संशोधक हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले. अंतराअंतराने केलेली उजळणी हाच त्यावरील उपाय. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटे श्रेयस्कर.

कॅथलिक भाविकाला तर एक तयार पाठ्यपुस्तक जन्मभर पाठ असते, आणि त्याचे मोल आपल्या ध्यानात येत नाही. मिस्साविधीची रचना जगभर एकच आहे. कोणत्या क्षणी काय म्हटले जाते हे आपण जाणतो, म्हणून परक्या भाषेतील मिस्सा ऐकताना अर्थ आधीच आपल्या हाती असतो आणि केवळ शब्द टिपावयाचे असतात. रोझरीच्या पाच दशकांत 'नमो मरिया' पन्नास वेळा येते. नव्या भाषेत तीच माळ जपली तर आठवडाभरात उच्चार जिभेवर बसतो. शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची किंवा दयाळू शमरोनीची कथा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवून वाचावी. कथा माहीत असल्याने शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. प्रार्थनेला अभ्यासाचे निमित्त बनवू नये, असे कोणी म्हणेल. परंतु अभ्यासही प्रार्थना होऊ शकतो, हेच तर इग्नेशियस शिकले.

पद्धतशीर शिक्षणासाठी मुंबई आणि पुणे येथील मॅक्स म्युलर भवन, आलियाँस फ्राँसेझ, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग अशा संस्था आहेत. मात्र वर्गापेक्षाही महत्त्वाचा असतो बोलण्याचा सोबती. एकाच धर्मग्रामातील तीन-चार शिकणारे आठवड्यातून एकदा मिस्सानंतर अर्धा तास एकत्र बसले, तर चुकण्याची भीड चेपते.

आणि उच्चाराची लाज नको. मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात संत पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या गालीली बोलीवरून. ती बोली त्याला लपविता आली नाही. तोच पेत्र पुढे ख्रिस्तसभेचा खडक झाला, आणि त्यासाठी त्याला आपला हेल बदलावा लागला नाही. आपले मराठी वळण परक्या भाषेत उमटणारच. त्यावरून समोरच्याला इतकेच कळते, की हा मनुष्य दुरून आला आहे आणि माझ्यासाठी चालत आला आहे.

बालकांसारखे झाल्याविना स्वर्गराज्यात प्रवेश नाही, असे प्रभू येशूने सांगितले. त्या शिकवणुकीवर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. पन्नाशीच्या माणसाने आठ वर्षांच्या नातवाकडून चुकीचा उच्चार सुधारून घेणे, आणि रागावण्याऐवजी तो शब्द पुन्हा म्हणणे, हा तिचा एक अगदी छोटा, घरगुती अभ्यास आहे. ज्यांच्या घरी अशी संधी आली आहे, त्यांनी वयाकडे बोट दाखवून ती दवडू नये. आज एक शब्द, उद्या दुसरा. आणि ज्याच्यासाठी शिकावयाचे त्या माणसाचे नाव मनात असावे. बाकीचे कष्ट तो पवित्र आत्मा हलके करील, ज्याला कोणतीच भाषा परकी नाही.